बुदिमीरचा दारावरचा कागद

माझा भाऊ बुदिमीर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्मशानासमोरच्या दुकानात उभी होते, आणि काउंटरवरची मुलगी च्युइंगम चघळत मला विचारत होती, "क्रूस, चांदणी, की साधी चौकट?"

आता हा काय प्रश्न झाला? म्हणजे प्रश्न बरोबरच होता म्हणा. आमच्याकडे माणूस गेला की दारावर त्याच्या शोकाचा छापील कागद लावतात. देवाधर्माचा माणूस असेल तर कागदावर वर क्रूस, कम्युनिस्ट पक्षाचा असेल तर पाच टोकांची चांदणी, मुसलमान असेल तर हिरवी चौकट, आणि यातलं काहीच नसेल तर साधी काळी. पण बुदिमीरला मी कुठे बसवू? चर्चमध्ये तो लग्नाकार्यापलीकडे कधी गेला नाही. पक्षाने त्याला बाविसाव्या वर्षी लाथ मारून हाकललं. मी म्हटलं, साधी काळी कर. तेवढ्यात माझ्या फोनवर त्याच्या मुलाचा, नेबोयशाचा, निरोप आला: "तेत्का, क्रूस टाकायला विसरू नकोस." तेत्का म्हणजे मी, त्याची आत्या. निरोप वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाला जिवंतपणी कधी पुसलं नाही आणि मेल्यावर याला क्रूस आठवला!

पण क्रूसाचं भांडण मी सोडून दिलं असतं. खरं भांडण खालच्या ओळीचं होतं.

हा कागद एकदा इमारतीच्या दारावर, बेकरीजवळच्या झाडावर, जुन्या कामाच्या ठिकाणी लागला, की पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळे वरचा फोटो बघतात आणि लगेच खालची नावं वाचतात. कोण कोण दुःखात आहे, कोणाचं नाव आधी, कोणाचं गाळलं. आणि आदल्या संध्याकाळी मला कोसोवोतल्या प्रिश्तिनाहून नेजमियेचा फोन आला होता.

"ल्युबिंका, मला येता येणार नाही. गुडघे गेले माझे. पण खाली माझं नाव घाल. दुसरं काही मागत नाही."

"घालते," मी म्हटलं. बोलून तर बसले! बेलग्रेडमध्ये, एका सर्ब माणसाच्या शोकाच्या कागदावर, एका अल्बेनियन बाईचं नाव. आमच्या गल्लीत हे कसं वाचलं जाईल हे मला काय कळत नव्हतं? पण रडत्या बाईला नाही कसं म्हणायचं?

आता ही नेजमिये कोण ते सांगितल्याशिवाय बुदिमीर कळायचा नाही, म्हणून सांगते.

अडुसष्ट साली बुदिमीर इथे तत्त्वज्ञान शिकत होता. मी नुकतीच एका सलूनमध्ये केस धुवायला लागले होते. जूनच्या सुरुवातीला विद्यार्थी रस्त्यावर उतरले. वसतिगृहातली गर्दी, शिकून नोकरी नाही, साम्यवादाच्या नावाखाली काही लोकांच्या मोटारी आणि बंगले, हे सगळं त्यांच्या डोक्यात गेलं होतं. रेल्वेच्या पुलाखालच्या बोगद्यात पोलिसांनी त्यांना बदडलं. बुदिमीरच्या टाळूवर तिथली एक खोक कायमची राहिली. पुढे आयुष्यभर त्याचे केस मीच कापले, आणि दर वेळी कंगवा तिथे अडकायचा. अडकला की तो म्हणायचा, "हळू, ताई, ते माझं विद्यापीठाचं सर्टिफिकेट आहे." मी त्याच्यापेक्षा धाकटी, पण चिडवायला मला ताई म्हणायचा.

मार खाऊन मुलं विद्यापीठाच्या इमारतीत जाऊन बसली. मी रोज मोठं पातेलंभर राजमा आणि पाव घेऊन जायचे. अर्धं शहर काही ना काही घेऊन जायचं. तिथे अंगणात भिंतीवर बसून भोपळ्याच्या बिया फोडणारी ही बारीक पोरगी पहिल्यांदा दिसली. नेजमिये. साहित्य शिकणारी, जीभ वस्तऱ्यासारखी. माझा राजमा चाखून म्हणाली, "मीठ क्रांतीनंतर घालणार आहेस का?" मला तर तिचा असा राग आला! पण बुदिमीर पोट धरून हसला.

मग एका संध्याकाळी मार्शल, म्हणजे देशाचा सर्वेसर्वा, स्वतः टीव्हीवर आला. म्हणाला, मुलांचं खरं आहे. देशाचा बाप म्हणतोय की मुलांचं खरं आहे! आणि मग जो काही जल्लोष झाला म्हणून सांगू! कोणीतरी फेर धरला. लढाईच्या काळात जंगलातले सैनिक नाचायचे तोच कोझाराचा फेर. आणि फेराच्या टोकाला, हातात रुमाल घेऊन सगळ्यांना खेचत नेणारा कोण? आमचा बुदिमीर.

नेजमिये भिंतीवरून उतरेचना. "अरे मूर्खा," ती ओरडली, "खाटीकसुद्धा आधी बकऱ्याची पाठ थोपटतो!"

"तू म्हणजे सदा आंबट तोंडाची! जिंकलो आपण, जिंकलो!" असं म्हणून त्याने तिला हाताला धरून खेचलं आणि फेरात घेतलं. मग तीही नाचली. मी स्वतः पाहिलंय, चांगली मनापासून नाचली. कोणी काही म्हणो.

पुढचं काय सांगायचं? नाचून पोरं घरी गेली आणि इमारत रिकामी झाली, हेच हवं होतं वरच्यांना. उन्हाळा संपायच्या आत एकेकाला बोलावणं यायला लागलं. तुम्हाला कोणी शिकवलं, कोणी पैसा दिला, बाहेरच्या कोणत्या देशाशी संबंध? बुदिमीरची शिष्यवृत्ती गेली, वसतिगृह गेलं, पदवी राहूनच गेली. वरचे म्हणत, हा बंडखोर. मित्र म्हणत, यानेच आम्हाला नाचवत नाचवत बाहेर काढलं. ना इकडचा ना तिकडचा. शेवटी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागला आणि म्हातारा होईपर्यंत नव्या बेलग्रेडच्या उंच इमारतींमध्ये लिफ्ट दुरुस्त करत राहिला.

त्या कामात मात्र तो रमला. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की बुदिमीर आधी बाहेर फरशीवर फतकल मारून बसायचा आणि आतल्या माणसाशी गप्पा सुरू करायचा, म्हणजे तो घाबरू नये. नवऱ्याशी भांडून बॅग घेऊन निघालेली एक बाई अशी अडकली होती. बाहेर काढेपर्यंत तिचा विचार बदलला आणि ती परत वर गेली. तिचा नवरा दर नववर्षाला बुदिमीरला राकिया दारूची बाटली द्यायचा. बुदिमीर म्हणायचा, "एवढी एकच तडजोड मला आयुष्यात यशस्वी करता आली."

नेजमिये पदवी घेऊन प्रिश्तिनाला गेली आणि तिथल्या नव्या विद्यापीठात शिकवू लागली. एक्याऐंशी साली तिचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सुरुवात खानावळीतल्या जेवणावरून झाली, मग गोष्ट कुठल्या कुठे गेली, रणगाडे आले. ही बाई मुलांच्या बाजूने उभी राहिली आणि तुरुंगात गेली. इकडे बेलग्रेडमध्ये प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक कचेरीत सभा झाल्या. प्रिश्तिनातल्या देशशत्रूंचा धिक्कार असो, हात वर करा. बुदिमीरच्या कंपनीतही झाली. सगळ्यांनी हात वर केले. याने काय करावं? हात खाली ठेवून तोंड उघडलं!

"त्या पोरांनी धड जेवण आणि झोपायला खोली मागितली," तो म्हणाला. "तेच आम्ही मागितलं होतं. आमच्यात त्यांची एक बाईसुद्धा होती."

झालं! कंपनीकडून दोन खोल्यांचं घर मिळायची त्याची पाळी आली होती. ती गेली. बायको स्लाव्हित्सा आणि लहानगा नेबोयशा तळघरातल्या एका दमट खोलीत राहिले, भिंतीला बुरशी, पोराला दमा. स्लाव्हित्सा मला म्हणायची, "ल्युबिंका, माझ्या नवऱ्याला सगळ्या जगाचं खरं बोलायचं असतं, आणि इनहेलर मात्र मी शोधते." तिचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आणि नव्व्याण्णव साली, अल्बेनियनांशी लढाई पेटली तेव्हा, नेबोयशाला राखीव सैनिक म्हणून कोसोवोत पाठवलं. शाळेपासूनचा त्याचा मित्र द्रागिशा त्याच्याबरोबर गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून घरात नेजमियेचं नाव काढायची सोय उरली नाही.

आणि दर जूनला पुन्हा ते अडुसष्ट! मार्शल होता तोवर पेपरात यायचं की मार्शलने तरुणांचं मन ओळखलं. मार्शल गेल्यावर वाऱ्याची दिशा बदलली, मग म्हणे ती कम्युनिस्टांच्या घरची लाडावलेली पोरं. नव्वदच्या दशकात म्हणे देश फोडायची सुरुवात तिथेच झाली. त्यानंतर आलेले म्हणाले की छे छे, लोकशाहीची पहिली ठिणगी. दर वेळी बुदिमीर पेपर आपटायचा. "अरे, यात मी कुठे आहे? आम्हाला समता हवी होती, रे गाढवांनो! आणखी साम्यवाद हवा होता, कमी नाही!" कोण ऐकतंय! एकदा टीव्हीवाली पोरगी आली, लिपस्टिक लावून, आणि म्हणाली, "आजोबा, त्या फेराची दोन पावलं दाखवता का? कॅमेऱ्यासाठी." बुदिमीर म्हणाला, "पोरी, तो नाच ही माझी चूक होती. मार खाल्ला त्याचं विचार ना." तिने मान डोलावली. कार्यक्रमात त्याचा आवाज बंद करून वर फेराचं गाणं लावलं होतं.

तिकडे प्रिश्तिनात वेगळी तऱ्हा. तिकडे एक्याऐंशीचा मोठा मान. नेजमिये म्हणजे छळ सोसलेली बाई, भाषणांना बोलावणं, शाल, फुलं. पण बेलग्रेडमधल्या अडुसष्टचं ती बोलायला लागली की माइकवाले घड्याळ बघायला लागायचे. तिकडे ते नको होतं. इकडे ती नको होती. दोघं फोनवर एकमेकांना दोन्हीकडच्या शिव्या ऐकवायची आणि खदाखदा हसायची. माझ्या स्वयंपाकघरातूनच फोन करायचा तो, घरून करायची चोरी.

तर असा हा बुदिमीर. आणि तो गेला तो नेमका मे महिन्यात, अडुसष्टच्या पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या तोंडावर.

दुकानात जायच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात बैठक बसली होती. नेबोयशा, आणि अडुसष्टवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष स्व्हेतिस्लाव. हे एकेकाळी बाकावर उभे राहून मुठी आवळून भाषणं करायचे, मग तीन पक्ष फिरले, आता दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या रांगेत. करून करून भागले आणि देवपूजेला लागले! बुदिमीर आजारी होता तेव्हा एकदा भेटायला आले असतील तर शपथ.

"कागदावर 'जून अडुसष्टचे अग्रणी' असं यायला हवं," ते म्हणाले. "समारंभात आपल्याला त्याचा उल्लेख करायचा आहे."

"आणि नेजमियेचं नाव खाली येणार," मी म्हटलं.

स्व्हेतिस्लाव खाकरले. "ल्युबिंकाबाई, तत्त्वतः माझी काहीच हरकत नाही. पण वेळ बरी नाही."

"पन्नास वर्षं झाली. तुमची वेळ कधी बरी होणार?"

नेबोयशाने खुर्ची मागे सारली. तो एकदम उठला. "तेत्का, त्या बाईपायी मी बुरशीत वाढलो. तिच्या लोकांच्या देशात द्रागिशा राहिला. त्याची आई याच गल्लीतून पावाला जाते. तिने दारावर हे नाव वाचायचं?"

"द्रागिशाला काय नेजमियेने मारलं? तुझ्या बापाने त्या बाईसाठी..."

"हो ना! त्या बाईसाठी! आमच्यासाठी काय केलं?"

पोराचा दमा खोटा नव्हता आणि द्रागिशाही खोटा नव्हता. मी कॉफी ओतत राहिले, ती बशीत सांडली. आणि त्याच वेळी फोन वाजला. नेजमियेचा भाचा, अग्रोन. अगदी अदबीने बोलला.

"बाई, एक विनंती आहे. मावशीचं नाव नका घालू. इथे पुढच्या महिन्यात विद्यापीठात तिच्या नावाची पाटी लागणार आहे. बेलग्रेडच्या कागदाचा फोटो कोणी फिरवला तर लोक विचारतील, ही त्यांच्यात काय करत होती?"

मागून धडपड ऐकू आली आणि फोनवर नेजमिये. "ल्युबिंका, याचं ऐकू नकोस! पाटी काय मी उशाला घेऊन झोपणार आहे? घाल माझं नाव! मी तिथे होते!"

मी नेबोयशाकडे पाहिलं. तो जिना उतरून गेलासुद्धा होता.

तर मी अशी त्या दुकानात पोचले होते. क्रूस टाकायला सांगितला. म्हटलं, घे बाबा तुझा क्रूस, बुदिमीर काही उठून भांडायला येणार नाही. अग्रणीबिग्रणी काही नाही. "बुदिमीर, लिफ्टचे मिस्त्री." मग खालची नावं. पहिल्या ओळीत मुलगा, सून, नातवंडं. मग मी म्हटलं, "आणि नेजमिये."

मुलीने च्युइंगम चघळायचं थांबवलं. पण भली पोर, नावाबद्दल काही बोलली नाही. "नातं काय लिहू?" तिने विचारलं. "नावाआधी नातं लागतं."

मी अडकले. मैत्रीण लिहावं तर स्लाव्हित्सा कबरीत कूस बदलेल आणि गल्ली वर्षभर चघळेल. कॉम्रेड लिहावं तर पोरंटोरं हसतील. सहविद्यार्थिनी? पन्नास वर्षांच्या ओळखीच्या माणसाला सहविद्यार्थिनी म्हणतात? माझ्या मागे रांग होती, एक म्हातारा काठी आपटत होता. आणि मला आपलं सुचलं ते मी बोलून गेले.

"बहिणी लिही. बहिणी ल्युबिंका आणि नेजमिये. एकाच ओळीत."

तिने लिहिलं. छापलेला गठ्ठा हातात घेतला तेव्हा मला, खरं सांगते, बुदिमीर गेल्यापासून पहिल्यांदा मोकळं रडू आलं. घरी येऊन गठ्ठा नेबोयशाच्या हातात दिला, कारण कागद लावायचं काम मुलाचं. त्याने वरचा कागद वाचला. मला वाटलं आता आरडाओरडा करणार. पण नाही. "बरं," एवढंच म्हणाला आणि चिकटपट्टी शोधायला लागला. मी मनात म्हटलं, पोरगं वरमलं. बहीण हा शब्द कोणालाही वरमवतो. मी निवांत मनाने दफनानंतर वाटायचा गहू शिजत ठेवला.

दफनाच्या दिवशी काळे कपडे घालून मी बुदिमीरच्या इमारतीशी गेले. दारावर कागद होता. फोटो बरा आला होता, क्रूस वर झळकत होता. कागद मला जरा आखूड वाटला. जवळ गेले. मुलगा, सून, नातवंडं. आणि त्याखाली कात्रीची कड, तिरकी, एका बाजूला अक्षरांचे शेंडे राहिलेले.

बेकरीजवळच्या झाडावर तसंच. कंपनीच्या फाटकावरही तसंच असणार, मी बघायला गेले नाही.

स्मशानात स्व्हेतिस्लावांनी भाषण केलं, आपल्या राष्ट्राचा एक निर्भय सुपुत्र वगैरे. माझं लक्षच नव्हतं. माझ्यापुढे बुदिमीरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्या सुनेच्या कानाशी कुजबुजल्या, पण मला ऐकू आलं. "कागदावर भाऊबहीण कोणीच दिसलं नाही. एकटेच होते का हो बिचारे?"

मी नेबोयशाची बाही धरून त्याला बाजूला ओढलं. "बापाची सख्खी बहीण मी! पन्नास वर्षं त्याचे केस कापले! मला कापलंस तू?"

त्याच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. "तेत्का, देवाशपथ, तुझं नाव जावं असं माझ्या मनात नव्हतं," तो म्हणाला. "पण ते एकाच ओळीत होतं. मी काय करणार?"

"दुसरा कागद छापून आणायचास!"

"वेळ कुठे होता?" तो म्हणाला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. इनहेलर काढायला तो खिसे चाचपायला लागला आणि मी, माझं कर्म, त्याची पाठ चोळत उभी राहिले.

संध्याकाळी नेजमियेचा फोन आला. खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. पण तिने विचारलं, "लागला का गं कागद?" आणि माझा तोल गेला.

"लागला! पण खालची ओळ कापून! तुझं नाव गेलं, आणि तुझ्याबरोबर माझंही! लोक विचारतात, त्याला बहीण नव्हती का! मी तिथे उभी आहे, नेजमिये, काळे कपडे घालून उभी आहे, आणि लोक विचारतात बहीण नव्हती का! लहानपणापासून मी त्याच्या... राजमा कोणी नेला होता तुम्हाला? सांग ना! कोणी नेला होता?"

ती मला थांबवत नव्हती. मी बोलत होते, रडत होते, तेच तेच पुन्हा सांगत होते. मी होते, मी होते, मी तिथे होते. शेवटी दम लागला.

"झालं?" नेजमियेने हळूच विचारलं.

"नाही झालं."

"मग बोल," ती म्हणाली. "मी ऐकतेय. माझं बोलून व्हायला पन्नास वर्षं लागली, आणि ऐकायला तुझा भाऊच तेवढा होता."